संमतीचा चकवा

(पेण व रोहे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गांत दिलेल्या भाषणाचे हे शब्दांकन आहे. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी गाळली आहे. – संपादक)



'संमती' हा शब्द दिसायला मोठा सौम्य आहे; परंतु आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात त्याने बरीच उलथापालथ घडविली आहे. हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात होता, त्या काळात खोत आपल्या कुळाकडून कबुलायत लिहून घेत असे. कागद खोताच्या कारकुनाने लिहिलेला, भाषा दफ्तराची, अटी खोताच्या सोयीच्या. त्याखालचा अंगठा मात्र कुळाचा. पुढे तंटा उभा राहिला की, त्या अंगठ्याच्या बळावर कचेरीत सिद्ध होई की, कुळाने हे सारे राजीखुशीने मान्य केलेले आहे. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात चरी व आसपासच्या गावांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा जो दीर्घ संप केला, तो पिकाच्या न्याय्य वाट्यासाठी होता हे खरेच. पण अंगठा उमटला म्हणजे संमती मिळाली, या सिद्धान्तालाही त्या शेतकऱ्यांनी कृतीने नकार दिला होता. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले आणि त्या नकाराला कायद्याची भाषा दिली.

आज खोत राहिला नाही, कबुलायतीचा कागदही राहिला नाही. अंगठा मात्र आहे, आणि तो दिवसातून कित्येकदा उमटतो आहे. मोबाईलच्या पडद्यावर 'मला मान्य आहे' असे एक ठळक बटण येते आणि आपण ते दाबतो. त्याच्या मागे पंचवीस-तीस पानांचा इंग्रजी मजकूर असतो, तो कोणी वाचत नाही. आणि कोणी वाचणार नाही हे गृहीत धरूनच तो लिहिलेला असतो. या बटणाविषयी, आणि ते कोठे ठेवायचे, केवढे ठेवायचे, कोणत्या रंगाचे ठेवायचे हे ठरविणाऱ्या शास्त्राविषयी मला आज बोलायचे आहे.

कोकणात चकवा लागणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी कोणाला सांगावे लागणार नाही. ओळखीच्या रानात माणूस चालत राहतो आणि फिरून फिरून त्याच झाडाखाली येतो. संगणकाच्या पडद्यावर असा चकवा मुद्दाम बांधता येतो. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश संरचनाकाराने २०१० साली अशा बांधणीला 'डार्क पॅटर्न' हे नाव दिले. वापरणाऱ्याला जे करायचे नव्हते ते त्याच्याकडून करवून घेणारी, किंवा जे करायचे होते ते त्याला करू न देणारी पडद्याची मांडणी, अशी त्याची सोपी व्याख्या करता येईल. मी त्याला चकवाच म्हणेन. फरक इतकाच की, रानातल्या चकव्याचा लाभ कोणाला होत नाही. या चकव्याचा लाभ कोणाला होतो ते ताळेबंदात लिहिलेले असते.

त्याचे प्रकार पुष्कळ आहेत. आपण सर्वांनी ते भोगलेले आहेत, फक्त त्यांना नावे दिलेली नाहीत. 'फक्त दोनच शिल्लक' किंवा 'सवलत संपायला दहा मिनिटे' असे सांगणारे खोटे घड्याळ, हा एक. न मागितलेली वस्तू, विमा किंवा देणगी बिलात हळूच घालणे, हा दुसरा. किंमत आधी एक सांगायची आणि पैसे भरण्याच्या क्षणी तीत हाताळणी शुल्क, सोय शुल्क अशी शेपटे जोडायची, हा तिसरा. नकार देणाऱ्याला लाज वाटेल अशा शब्दांत नकाराचे बटण लिहायचे, हा चौथा. इंडिगो या विमान कंपनीच्या आरक्षणात जादा विमा न घेणाऱ्या प्रवाशापुढे 'नाही, मी धोका पत्करीन' अशा अर्थाचा पर्याय ठेवलेला होता. बुक माय शो या तिकीटविक्रीच्या सेवेत दर तिकिटामागे एक रुपयाची देणगी आधीच खूण करून ठेवलेली होती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हरकत घेतल्यावर दोन्ही ठिकाणी बदल झाले. एक रुपया कोणाला जड नसतो, हे मान्य. परंतु दान हे देणाऱ्याच्या हाताने द्यायचे असते. दुसऱ्याने खिशात हात घालून काढलेल्या रुपयाला आपल्या भाषेत दान म्हणत नाहीत.

आणि शेवटचा प्रकार सर्वांत जुन्या वाड्यासारखा आहे: आत यायला दिंडी दरवाजा, बाहेर पडायला भुयार. ॲमेझॉन कंपनीच्या 'प्राइम' या वर्गणीचे सदस्य होण्यास एखाद-दुसरे बटण पुरे होई. ती वर्गणी बंद करण्यासाठी मात्र चार पाने, सहा कळा आणि पंधरा पर्याय ओलांडावे लागत, असा अमेरिकेच्या व्यापार आयोगाचा आरोप होता. कंपनीच्या अंतर्गत वापरात या मार्गाला 'इलियड' असे नाव होते. दीर्घ युद्धाच्या दीर्घ महाकाव्याचे नाव. म्हणजे मार्ग लांब आहे हे बांधणाऱ्यांना ठाऊक होते, आणि त्यांना ते विनोदी वाटत होते. सप्टेंबर २०२५मध्ये या खटल्यात अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली; त्यांपैकी दीड अब्ज ग्राहकांना परत करावयाचे ठरले.

कोणी म्हणेल, हे सारे शहरी मध्यमवर्गाचे दुखणे आहे; विमानाची तिकिटे आणि सिनेमा यांच्याशी हमरापूरच्या मूर्तिकामगाराचा काय संबंध? मला वाटते, संबंध अगदी निकटचा आहे, आणि त्यासाठी २०१७ सालचे एक प्रकरण आठवावे लागेल. त्या वर्षी मोबाईलचे सिमकार्ड आधारशी जोडून घ्या, नाही तर ते बंद पडेल, असा धोशा देशभर लागला होता. लोक दुकानांत जाऊन यंत्रावर बोट टेकवीत होते. एअरटेलच्या ग्राहकांनीही बोट टेकविले. त्यांच्या मते ते सिमची पडताळणी करीत होते. प्रत्यक्षात त्याच ठशावर अनेकांची एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली. तेवढ्यावर थांबले नाही. सरकारी अनुदान आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, हा त्या व्यवस्थेचा नियम. त्यामुळे स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान नेहमीच्या बँकेत न जाता या नव्या, ठाऊकच नसलेल्या खात्यांत जाऊ लागले. अशा २३ लाखांहून अधिक ग्राहकांचे सुमारे ४७ कोटी रुपये तेथे गेल्याचे त्या वेळी पुढे आले होते. डिसेंबर २०१७मध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीची पडताळणीची परवानगी स्थगित केली. मार्च २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेला पाच कोटींचा दंड केला. पैसे परत फिरविण्यात आले.

या प्रकरणातील यंत्रे अत्याधुनिक होती, पण व्यवहार कबुलायतीचाच होता. बोट कुळाचे, मजकूर मालकाचा. आपला करारांचा कायदा १८७२ सालचा आहे, इंग्रजांनी केलेला आहे. तरी त्यात संमतीची व्याख्या स्पष्ट आहे. दोन्ही पक्षांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार दिला तर ती संमती. आणि ती दडपण, अवाजवी प्रभाव, कपट, दिशाभूल वा गैरसमज यांतून आलेली नसेल तर ती मुक्त संमती. सिम जोडण्यासाठी बोट देणारी बाई आणि त्या बोटावर खाते उघडणारी बँक एकाच गोष्टीविषयी बोलत होत्या काय? नव्हत्या. मग तेथे कमी संमती होती किंवा सदोष संमती होती असे म्हणण्याचेही कारण नाही. तेथे संमती नव्हतीच.

आता, हे असे का घडते, याचा विचार समाजवाद्यांनी तरी 'काही कंपन्या दुष्ट असतात' एवढ्यावर थांबवू नये. पडद्याची मांडणी कशी ठरते ते पाहा. एकाच पानाची दोन रूपे करतात. अर्ध्या लोकांना पहिले दाखवितात, अर्ध्यांना दुसरे. ज्या रूपातून अधिक लोकांनी 'होय' दाबले ते ठेवतात, दुसरे टाकून देतात. आणि ठेवलेल्याची पुन्हा दोन रूपे करतात. हा प्रयोग अहोरात्र, लाखो लोकांवर, त्यांना न सांगता चालू असतो. या पद्धतीत फसविण्याचा हुकूम कोणीही देत नाही. कोणा अधिकाऱ्याच्या टेबलावर 'म्हाताऱ्यांना गोंधळात टाका' असा कागद सापडणार नाही. नकाराचे बटण फिके केले तेव्हा उत्पन्न वाढले, म्हणून ते फिके राहिले, इतकेच. मोजले जाते ते 'होय' किती आले हे. ते 'होय' समजून आले की थकून आले, हे मोजण्याचे खातेच वहीत नाही. नफा हे एकच माप हाती असले की, फसवणूक फसविणाऱ्यावाचूनही वाढत जाते. खोताला निदान चेहरा होता; त्याच्या वाड्यावर मोर्चा नेता येत होता. येथे वाडाच नाही.

आणि या चाळणीतून कोण गळते? ज्याला सराव आहे, इंग्रजी येते, वेळ आहे, तो बहुधा निसटतो. ज्याला नाही, तो अडकतो. ॲपची पहिली पाने गोड मराठीत असतात. अटी आणि वर्गणी रद्द करण्याची पाने आली की, भाषा अचानक इंग्रजी होते. हे भाषांतराचे काम अपुरे राहिल्यामुळे होत असेल, असे एकदा मानता येईल. नेहमीच त्याच पानावर ते अपुरे राहत असेल तर त्याला योगायोग म्हणणे कठीण आहे.

कर्जाच्या ॲपांत तर हे पुरतेच उघडे पडते. पावसाळ्याच्या उपासमारीत वीटभट्टीवाल्याची उचल घेऊन मोसमभर बांधल्या जाणाऱ्या कातकरी कुटुंबांची कहाणी या दोन्ही तालुक्यांना नवी नाही. पडद्यावरील उचल तशीच मिळते: पाच मिनिटांत, जामिनावाचून. त्या पाच मिनिटांत फोनमधील सर्व नातेवाइकांची व ओळखीच्यांची नावे कंपनीला देण्याची परवानगीही एका बटणाने निघून जाते. आणि हप्ता चुकला की त्या प्रत्येकाला फोन जाऊ लागतात. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१च्या आरंभी पाहणी केली तेव्हा आढळलेल्या सुमारे ११०० कर्ज-ॲपांपैकी ६०० बेकायदेशीर होती. या छळाने देशात अनेकांनी आत्महत्या केल्या. त्यानंतर सप्टेंबर २०२२मध्ये नियम आले: एकूण व्याज एका पानावर सांगा, संपर्कयादीला हात लावू नका, घेतलेले कर्ज ठरावीक मुदतीत दंडावाचून परत करण्याची सवड द्या. मे २०२५मध्ये त्यात भर घालून, कर्जाचे देकार मांडताना फसव्या मांडणीचा वापर करू नका, असेही बजावण्यात आले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे रोह्याशी असलेले नाते आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या काळी ज्या संस्थेने नोटा आणि पतधोरण सांभाळले, तिला आज पडद्यावरील बटणाची जागाही पाहावी लागते, यावरून सावकारी कोठे जाऊन बसली आहे ते लक्षात येईल.

यावर नेहमीचे एक उत्तर असते. लोकांना साक्षर करा, सावध करा. वाचून मग दाबा, असे शिकवा. शिबिरे घ्यावीत, त्याला माझा विरोध नाही. परंतु सर्व भार ग्राहकाच्या सावधपणावर टाकणे हे, वाण्याने दांडी मारली तर दोष गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा, असे म्हणण्यासारखे आहे. 'मापात पाप' ही म्हण जुनी आहे, पण आपण त्यावर उपाय म्हणून घरोघरी तराजू वाटले नाहीत. मापांवर सरकारी शिक्का आणला, निरीक्षक नेमला, खोटे माप जप्त करण्याचा अधिकार त्याला दिला. १९७७च्या नियमांनी बंद पाकिटावर आतील मालाचे वजन आणि किंमत छापणे सक्तीचे केले. त्यामुळे आज रोह्याच्या बाजारात चहाची पुडी घेणाऱ्या निरक्षर बाईलाही, तिला न दिसणारे एक सार्वजनिक संरक्षण असते. पडद्यालाही तसेच माप हवे. चकवा ओळखण्याचे कसब ही नागरिकत्वाची अट असू शकत नाही.

कायदा अगदीच झोपलेला आहे असे नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे जारी करून तेरा प्रकारच्या चकव्यांना मनाई केली. खोटी निकड, टोपलीत घुसविलेली वस्तू, वर्गणीचा सापळा, थेंबाथेंबाने वाढणारी किंमत, बातमीच्या वेषातील जाहिरात हे सर्व त्यात आहे. त्याच वर्षीच्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातील एक तत्त्व मला फार मोलाचे वाटते: संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे, आणि संमतीची सूचना मराठीसह आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असली पाहिजे. कायदा झाला २०२३मध्ये, त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५मध्ये, आणि संमतीविषयीची मुख्य कलमे त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हावयाची असे ठरले. माहिती अधिकाराच्या कायद्याला कात्री लावणारे याच कायद्यातील कलम मात्र १८ महिने थांबले नाही. ते लगेच लागू झाले. घाई कोणत्या कामाची होती ते यावरून दिसते.

अंमलबजावणीची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. जून २०२५मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सल्ला दिला: तीन महिन्यांत आपल्या पडद्यांची आपणच तपासणी करा आणि चकवे काढून टाका. नोव्हेंबरमध्ये २६ कंपन्यांनी, आमच्याकडे चकवे नाहीत, असे स्वयंघोषित पत्र दिल्याचे जाहीर झाले. खोताची वही खोतानेच तपासली आणि ती बरोबर निघाली. स्वतःच्या सचोटीचा दाखला स्वतः देणाऱ्या संस्थेचे पुढे काय होते, हे पेणच्या माणसाला तरी दिल्लीहून समजावून घ्यावे लागत नाही. पेण अर्बन सहकारी बँकेच्या ठेवीदारांच्या पासबुकांत आकडे अगदी नीट लिहिलेले होते. सप्टेंबर २०१०मध्ये निर्बंध आले तेव्हा, बनावट कर्जखात्यांतून शेकडो कोटी रुपये निघून गेल्याचे उघड झाले. २०१४ साली बँकेचा परवाना रद्द झाला. कागदावरचा आकडा आणि तिजोरीतील पैसा यांची गाठ बाहेरच्या माणसाने घालून पाहावी लागते. हा धडा या गावाने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.

मग प्रामाणिक प्रश्न कसा विचारतात? त्यासाठीही मला दूर जावेसे वाटत नाही. महामुंबई सेझसाठी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील जमिनी घेण्याचे घाटत होते, तेव्हा प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या नेत्यांसह येथील शेतकऱ्यांनी जो लढा दिला, त्यातून २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शासनाला जनमत घ्यावे लागले. प्रश्न एकच होता: जमीन सेझला द्यावयाची की नाही? त्या दिवशी नकार कोठे लपवून ठेवलेला नव्हता. 'नाही' म्हणणाऱ्याला आधी 'पुन्हा विचार करा' अशी चार पाने ओलांडावी लागली नाहीत. गप्प बसलेल्या माणसाचे मौन होकार म्हणून मोजले गेले नाही. शेतकऱ्यांनी फार मोठ्या बहुमताने नकार दिला, आणि पुढे मुदतीत भूसंपादन पूर्ण न होता तो प्रकल्प बारगळला. त्या जनमतातही उणीव होती. विचारले गेले ते खातेदारांना. ज्यांची मजुरी त्याच जमिनीवर होती त्या भूमिहीनांना आणि आदिवासींना त्यात मत नव्हते. तरीही, बलाढ्य पक्षाने दुर्बल पक्षाला सरळ प्रश्न विचारला आणि 'नाही' हे उत्तर उत्तर म्हणून मोजले गेले, असे जे थोडे प्रसंग या देशात घडले त्यांत पेणची २२ गावे आहेत. पडद्यावरील संमतीची कसोटी मी त्या गावांवरून घेतो.

पहिली कसोटी ही की, होय आणि नाही यांचे आकार, रंग आणि स्थान सारखे असावे, आणि चौकटीत आधीच खूण केलेली नसावी. युरोपच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी प्लॅनेट ४९ या खटल्यात हे स्पष्ट केले आहे: आधी भरून ठेवलेली खूण न पुसणे म्हणजे संमती नव्हे. दुसरी कसोटी ही की, ज्या दाराने आत आणले त्याच दाराने बाहेर जाऊ द्यावे. जर्मनीने १ जुलै २०२२पासून संकेतस्थळांवर करार रद्द करण्याचे स्पष्ट बटण कायद्याने सक्तीचे केले. अमेरिकेत असाच नियम ऑक्टोबर २०२४मध्ये झाला आणि लागू होण्याच्या उंबरठ्यावर, जुलै २०२५मध्ये न्यायालयाने प्रक्रियेतील दोषावरून तो रद्द केला. कायद्याचे दारही चकव्यात सापडू शकते, हे ध्यानात ठेवावे. तिसरी कसोटी, पूर्ण किंमत पहिल्याच पानावर. आणि चौथी, ज्या भाषेत गोडवा सांगितला त्याच भाषेत अट सांगावी.

हे व्यवहारात अशक्य आहे, असे कोणी म्हणू लागले तर त्याला आपल्याच देशातील एक उदाहरण द्यावे. दरमहा खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्यांबाबत रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१पासून नियम लागू केला: पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवा, आणि तेथूनच त्याला नकार देता येईल अशी सोय ठेवा. त्या वेळी कंपन्यांनी पुष्कळ आरडाओरड केली. काही आठवडे व्यवहार अडलेही. आज ती सूचना रोज लाखो फोनांवर जाते आणि कोणाचा धंदा बुडालेला नाही. विसरलेल्या माणसाच्या विसरण्यावर जे उत्पन्न उभे होते, तेवढेच कमी झाले असेल.

नियमांच्या पलीकडे मालकीचा प्रश्न आहे, आणि आपला खरा आग्रह तेथे असला पाहिजे. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५पासून कुटुंबांचे गट करून सामुदायिक खरेदीची व्यवस्था चालविली. तेथे ग्राहकाला चकविण्याचे कारणच उरले नाही, कारण विकणारा आणि घेणारा एकच होता. संगणकाच्या क्षेत्रातही असे घडलेले आहे. मराठी विकिपीडिया २००३पासून चालतो. त्याला जाहिरात नाही, वाचकाला खिळवून ठेवण्यात त्याला स्वार्थ नाही. बेंगळुरूमध्ये रिक्षाचालकांच्या संघटनेच्या सहभागाने २०२२मध्ये 'नम्म यात्री' हे ॲप सुरू झाले. त्याने दर फेरीमागील दलाली काढून टाकली आणि ॲपची आज्ञावली सर्वांना पाहण्यासाठी खुली ठेवली. यांत दोष नाहीत असे नाही. पण आज्ञावली उघडी असली की चकवा दडवायला जागा कमी उरते, आणि वापरणारे मालक असले की चकव्याचा नफा कोणाकडे जाणार, हा प्रश्नच मिटतो. आपल्या पतसंस्थांनी, मच्छीमार सोसायट्यांनी, पेणच्या मूर्तिकारांच्या संघटनांनी उद्या ॲप करावयाचे ठरविले, तर ते मोठ्या कंपन्यांची नक्कल म्हणून न करता या कसोट्यांवर करावे.

आणखी एका वर्गाशी आपण बोलले पाहिजे. हे चकवे बांधणारे हात कोणाचे आहेत? पेण-रोह्याहून पहाटेची गाडी धरून ऐरोली-महापेला जाणारी, किंवा पुण्याला खोली घेऊन राहणारी आपलीच मुले त्यांत आहेत. ती नोकरदार आहेत. नकाराचे बटण फिके करण्याचे काम त्यांच्याकडे एक तांत्रिक बदल म्हणून येते, आणि नाही म्हटले तर नोकरीचा प्रश्न असतो. पूल बांधणारा अभियंता, गिरणीत वाफेचे पात्र तपासणारा निरीक्षक यांना 'हे धोक्याचे आहे, मी सही करणार नाही' असे म्हणण्याचा अधिकार समाजाने दिला. तो अधिकार सॉफ्टवेअरच्या कामगारालाही मिळाला पाहिजे. तो एकट्याला मिळत नाही, संघटनेलाच मिळतो. संगणक क्षेत्रातील तरुणांना संघटित करण्याचे काम पगाराच्या मागणीपुरते नाही, हे त्यांना आपण सांगावे.

शेवटी, येथून उठल्यावर काय करावयाचे? दोन्ही तालुक्यांत, वाचनालयाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत, बाजाराच्या दिवशी दोन तास बसणारा एकेक कार्यकर्ता आपण देऊ शकतो. लोकांनी फोन घेऊन यावे. न मागितलेली वर्गणी, न समजलेले कर्ज, कापला गेलेला पैसा यांची नोंद मराठीत व्हावी, पडद्याचे चित्र जपावे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार जावी. एकेकट्या तक्रारीला कंपनी पैसे परत करून गप्प बसविते. एकाच चकव्याच्या दोनशे तक्रारी एका तालुक्यातून गेल्या, तर ती तक्रार राहत नाही, पुरावा होतो. त्या पुराव्यावर आपण मागणी करू: वजनमापांना जसा निरीक्षक आहे तसा पडद्यांनाही हवा; तपासणी कंपनीने स्वतःची करू नये, ती बाहेरच्याने करावी आणि तिचा अहवाल लोकांसमोर यावा; आणि आधीच केलेल्या खुणेवर घेतलेला प्रत्येक रुपया, कोणी मागो वा न मागो, परत व्हावा.

हे काम लहान आहे, कंटाळवाणे आहे, आणि त्यात टाळ्या नाहीत. चरीच्या शेतकऱ्यांचे कामही पहिल्या दिवशी लहानच दिसले असेल: इतकेच, की उद्यापासून नांगर धरायचा नाही. नाही म्हणण्याची जागा त्यांनी स्वतः तयार केली, कारण कबुलायतीत ती ठेवलेलीच नव्हती. आज पडद्यावरही ती ठेवली जात नाही. ती मागावी लागेल. आणि मागूनही न मिळाल्यास, पूर्वी केली तशी, करून घ्यावी लागेल.